पीसी घेऊ का पीएस फाइव्ह? वाचक विचारून राहिले, आम्ही सांगून राहिलो

मागच्या अंकात आम्ही म्हटलं गेमिंगबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा, तर बाप्पा, पत्रंच पत्रं आली, आणि अर्ध्याअधिक जणांचं एकच, कम्प्युटर बरा का प्लेस्टेशन फाइव्ह, म्हणजे पीएस फाइव्हसारखा टीव्हीला लावायचा कन्सोल. ह्याचं एका ओळीत उत्तर देणारे नागपुरात कमी नाहीत, तर्री पोह्याच्या ठेल्यावर उभे राहा, दोन जण तरी देतील. पण घरात कोण राहतं, खेळायची खोली कोणती आणि सोबत कोण खेळणार हे कळल्याशिवाय मला तरी ते सांगता येत नाही. म्हणून ज्यांनी घरचं नीट लिहिलं त्यांचीच पत्रं ह्यावेळी घेतली.

प्रश्न: मुलगा बारावी झाला, कम्प्युटर इंजिनीअरिंगला ॲडमिशन घेऊन राहिला. तो म्हणतो अभ्यासाला गेमिंग पीसी लागतोच, बर्डीवरून एक लाखाचं कोटेशन पण घेऊन आला. त्याचे बाबा म्हणतात पंचावन्न हजारात प्लेस्टेशन येतं, खेळायचं तर ते घे आणि अभ्यास माझ्या जुन्या लॅपटॉपवर कर. मला दोघांचंही पटून नाही राहिलं. काय करू?
एक आई, मनीषनगर

उत्तर: ताई, दोघंही आपापल्या सोयीचा हिशोब सांगून राहिले. बाबांचा आकडा २०२४ च्या किमतीचा आहे, पीएस फाइव्हचं स्लिम मॉडेल एप्रिल २०२४ मध्ये भारतात आलं तेव्हा डिस्कवाल्याची किंमत ५४,९९० आणि बिनडिस्कवाल्याची ४४,९९० होती. पण कॉलेजला कम्प्युटर तर लागणारच ना, मग एका बाजूला एक लाख आणि दुसऱ्या बाजूला पंचावन्न हजार अधिक एक बरा लॅपटॉप, असं मांडून पाहा. जुना लॅपटॉप किती जुना तेही बघा. आठ जीबी रॅम आणि एसएसडी असेल तर पहिल्या वर्षाचं सी, पायथन वगैरे त्यावर आरामात होतं, पण तो विंडोज टेनच्या पुढे जात नसेल तर मायक्रोसॉफ्टनं टेनचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लाच थांबवलाय.

आता पोट्ट्याचं. अभ्यासाला ग्राफिक्स कार्ड लागतं हे अर्धं खरं आहे. पुढे जाऊन तो मशीन लर्निंग, थ्रीडी, व्हिडिओ एडिटिंग इकडे वळला तर एनव्हिडियाचं कार्ड खरंच कामी येतं, कारण त्यातली कितीतरी सॉफ्टवेअरं त्याच कंपनीच्या कूडा ह्या प्रणालीवर चालतात. पण ते सगळं नंतरच्या वर्षांचं, आणि तोवर गूगल कोलॅब ह्या ऑनलाइन सोयीवर फुकटात जीपीयू, म्हणजे ग्राफिक्सची चिप, वापरायला मिळतो, थोडा वेळ का होईना. पहिलं वर्षभर ते कार्ड गेमच चालवणार हे त्यालाही माहीत आहे आणि तुम्हालाही.

तरी माझं मत पीसीकडेच आहे, फक्त लाखाचा नको. ते कोटेशन लग्नाच्या यादीसारखं घेऊन बसा आणि एकेका ओळीवर बोट ठेवून विचारा. मॉनिटर, कीबोर्ड, माऊस, यूपीएस धरलं का? पुष्कळदा नुसत्या डब्याचीच किंमत लिहिलेली असते आणि बाकीचं घरी आल्यावर निघतं. काचेचं कॅबिनेट आणि रंगीबेरंगी लाइटचे पंखे, इथे बिनधास्त कात्री लावा. पॉवर सप्लायला मात्र लावू नका, कोटेशन खाली आणायचं म्हटलं की पहिला हात तिथेच जातो, दिसत नाही ना तो, पण हलका सप्लाय उडाला तर एकटा जाईलच असं नाही, सोबत बोर्ड आणि कार्डही नेऊ शकतो. रॅम सध्या सोळा जीबीच घ्या. २०२५ च्या शेवटी शेवटी एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचा माल असा काही उचलला की दुकानातली रॅम भयंकर महागली, मायक्रॉननं तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशल हा आपला गिऱ्हाईकांसाठीचा ब्रँडच बंद करतो म्हणून जाहीर केलं. पीसीत पुढेमागे भाव उतरले की रॅम वाढवता येते, कार्ड बदलता येतं. पीएस फाइव्हमध्ये जी सोळा जीबी मेमरी आहे ती शेवटपर्यंत सोळाच, तिथे फक्त जास्तीची एसएसडी टाकायची सोय आहे.

मुलगा पुण्याला हॉस्टेलवर जाणार असेल तर मात्र डेस्कटॉपचा विषय सोडा, लॅपटॉप पाहा. आणि लॅपटॉप पाहताना कार्डचं नुसतं नाव वाचू नका, ते किती वॅटवर चालतं ते विचारा. आरटीएक्स ४०६० हे एकच नाव असलेलं लॅपटॉपचं कार्ड ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत येतं, पातळ देखण्या लॅपटॉपमधलं आणि जाड्या ठोकळ्यातलं ह्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो, स्टिकर मात्र दोघांवर सेम.

प्लेस्टेशनच्या बाजूनं एक गोष्ट आहे जी बाबांनी सांगितली नाही. ते हॉलमध्ये टीव्हीला लागतं, म्हणजे पोरगा काय खेळतो आणि किती वाजेपर्यंत खेळतो ते सगळ्यांना दिसतं. पीसी जातो बेडरूममध्ये, दार लागतं, आणि आतून आवाज येतो "आई अभ्यास सुरू आहे". वेळेची मर्यादा दोन्हीकडे घालता येते, लहान मुलांचं अकाउंट वेगळं काढता येतं, पण अठरा वर्षांच्या पोराला ते लावाल तर घरात भांडणंच होतील. एवढं मात्र कराच, कोणत्याही अकाउंटला तुमचं क्रेडिट कार्ड सेव्ह करून ठेवू नका.

प्रश्न: वय ३४, बुटीबोरीला नोकरी, शिफ्ट संपून घरी यायला रात्रीचे नऊ. कॉलेजात असताना सायबर कॅफेत काउंटर स्ट्राइक आणि सॅन अँड्रियाज खूप खेळलो. आता पगार आहे पण वेळ नाही, रात्री तासभर खेळायला मिळतं. मित्र म्हणतो खरा गेमर पीसीवरच खेळतो. पीसी घेऊ का?
खामला

उत्तर: भाऊ, मित्राला म्हणा तू खेळ पीसीवर, तुझ्याकडे वेळ आहे. तुम्ही कन्सोल घ्या.

सांगतो काऊन ते. दहा वाजता बसलात, बटण दाबलं, काल जिथे सोडलं होतं तिथूनच गेम सुरू. पीसीवर ते होणारच नाही असं नाही, पण त्या तासात कधी विंडोजचा अपडेट, कधी ग्राफिक्सचा ड्रायव्हर, कधी गेम पहिल्यांदा उघडल्यावर "शेडर तयार होत आहेत" म्हणून पट्टी सरकत राहते आणि तुम्ही जांभया देत राहता. कन्सोलवर गेम बनवणाऱ्याला माहीत असतं की समोर एकच ठरलेली मशीन आहे, आठ कोरचा एएमडीचा प्रोसेसर, अमुक एवढं ग्राफिक्स, संपलं. पीसीवर लाखो तऱ्हेच्या जोड्या. मार्च २०२३ मध्ये 'द लास्ट ऑफ अस पार्ट वन' पीसीवर आला तेव्हा काय हाल झाले होते, चांगल्या चांगल्या मशीनवर अडकून राहिला होता, पुढे दुरुस्तीचे पॅचेस येऊन येऊन सुधारला. कन्सोलवर पण बग असतातच, पण सेटिंगचे वीस पर्याय खालीवर करत बसायचं काम तिथे नाही. काहींना तेच करण्यात मजा येते हेही खरं, मी त्यातलाच आहे, गेमपेक्षा सेटिंगमध्ये जास्त रमतो.

पण आधी स्वतःला विचारा, खेळायचं काय आहे. पुन्हा काउंटर स्ट्राइकच खेळायचा असेल तर माझं वरचं सगळं विसरा, काउंटर स्ट्राइक टू कन्सोलवर नाहीच, डोटा टू पण नाही, माउसवाले स्ट्रॅटेजी गेम कन्सोलवर असले तरी कंट्रोलरनं खेळताना हात बांधल्यासारखे वाटतात. तुम्हाला सॅन अँड्रियाजसारखं गावभर हिंडायचं असेल तर कन्सोलच, कारण तो बनवणाऱ्या रॉकस्टार कंपनीची सवय जुनी आहे, आधी कन्सोल मग पीसी. त्याच मालिकेतला जीटीए फाइव्ह कन्सोलवर सप्टेंबर २०१३ ला आला आणि पीसीवाल्यांना मिळाला एप्रिल २०१५ मध्ये. जीटीए सिक्सची १९ नोव्हेंबर २०२६ ही तारीख जाहीर केली तीही पीएस फाइव्ह आणि एक्सबॉक्स सिरीजसाठीच, पीसीचं त्यात नावच नव्हतं. सोनीचे स्वतःचे गेम पण असेच उशिरा गेले, २०१८ चा गॉड ऑफ वॉर पीसीवर आला जानेवारी २०२२ मध्ये, २०२० चा घोस्ट ऑफ त्सुशिमा आला मे २०२४ मध्ये. ज्याला घाई नाही त्याचं पीसीवर छान चालतं, थांबायचं, स्टीम ह्या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानाचा सेल लागला की अर्ध्या किमतीत घ्यायचं.

आणि डिस्कवालाच घ्या, दहा हजार वाचवायला बिनडिस्कचा घेऊ नका. नवा मोठा गेम चार-पाच हजाराच्या घरात जातो. डिस्क असली तर खेळून झाल्यावर विकता येते, अदलाबदल करता येते, सेकंडहँड घेता येते. डिजिटल घेतलेला गेम तुमच्या अकाउंटला चिकटला तो चिकटला, विकायचा नाही आणि कोणाला द्यायचाही नाही. स्टीमवर पण विकता येत नाहीच, पण तिथे निदान घेतल्यापासून चौदा दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात. एक खर्च मित्र सांगेल आणि तो बरोबर सांगेल, प्लेस्टेशनवर विकतचे गेम ऑनलाइन दुसऱ्यांसोबत खेळायचे तर पीएस प्लसची वर्गणी भरावी लागते, पीसीवर तशी काही भानगड नाही. फोर्टनाइटसारखे फुकटचे गेम मात्र प्लेस्टेशनवरही वर्गणीशिवाय ऑनलाइन चालतात. तुम्ही एकटे स्टोरीवाले गेम खेळणार असाल तर ती वर्गणी भरूच नका.

प्रश्न: दादा, दुपारी तीनला गेम लावला की वीस मिनिटांत अडकून अडकून चालतो, रात्री तोच गेम एकदम मक्खन. पीसी गेला का माझा? मित्र म्हणतो पीएस फाइव्ह घेतला असता तर हे झालं नसतं.
प्रतापनगर

उत्तर: पीसी गेला नाही रे, मे महिना आलाय. नागपुरात पारा ४५ च्या पुढे गेला की हा प्रश्न येणारच होता आणि मला ह्यावरच सगळ्यात जास्त लिहायचं होतं, कारण पुण्या-बंगळुरूत बसून व्हिडिओ बनवणारे हे सांगत नाहीत.

पीसीतला पंखा हवा थंड करत नाही, खोलीतली हवा नुसती चिपवरून पुढे ढकलतो. म्हणजे खोलीत २८ डिग्री असताना चिप ७५ वर राहत असेल तर खोली ४० झाल्यावर तीच चिप, तोच गेम, ८७ च्या आसपास जाणार, त्यात कॅबिनेटमध्ये धूळ असली तर आणखी वर. चिप आपल्या मर्यादेजवळ आली की जळू नये म्हणून स्वतःचा वेग कमी करते, तेच तुला अडकल्यासारखं वाटतं. पीएस फाइव्हचं वेगळं आहे, त्याचा वेग खोलीच्या तापमानावर ठरतच नाही, गेम किती काम सांगतो त्यावर ठरतो, म्हणून काश्मीरमधला आणि कामठीतला पीएस फाइव्ह सारखाच चालतो. पण चालतो तोवर चालतो, फार तापला की "खूप गरम झालंय" म्हणून स्क्रीनवर येतं आणि मग सरळ बंदच होतो. त्याच्या सोबतच्या पुस्तिकेत वापरायचं तापमान ५ ते ३५ डिग्री लिहिलंय. आपल्याकडे वरच्या मजल्यावर स्लॅबखालच्या खोलीत मे महिन्यात ३५ तर पहाटे असते. तेव्हा मित्राला सांग, पीसी हळू होतो, कन्सोल बंद होतो, ऊन दोघांनाही लागतं.

उपाय आपला नागपुरीच, कूलर. कोरड्या हवेत कूलर खोली चांगली दहा डिग्री खाली आणतो, आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याइतकी कोरडी हवा कोणाकडे आहे. पण कूलरच्या तोंडासमोर पीसी ठेवू नको. पाण्याचे बारीक तुषार येतात, ताटीचं गवत झडतं, आणि आपल्या बोअरच्या पाण्यातले क्षार पंख्यावर पांढरे जमतात. बाजूला ठेव, जमिनीवर नको, टेबलावर, आणि समोरची खिडकी थोडी उघडी ठेव, नाहीतर दमट हवा खोलीतच कोंडते. पाऊस सुरू झाला की कूलरचा फायदा संपतो, नुसती ओल राहते, तेव्हा गेम खेळताना साधा पंखाच बरा.

गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेमला, म्हणजे सेकंदाला किती चित्रं काढायची त्याला, ६० ची मर्यादा घाल. तुझा मॉनिटर ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला साठच चित्रं दाखवणारा असेल तर कार्ड १४० फ्रेम काढून काय करून राहिलं, उष्णताच ना. ह्या एका गोष्टीनं कार्डचं तापमान आणि पंख्याचा आवाज दोन्ही खाली येतात, फुकटात. दर महिन्याला बाजूचं पॅनल उघडून ब्लोअर मार, मारताना पंख्याला बोटानं धरून ठेव, मोकळा गरगर फिरू देऊ नको. ज्यांच्याकडे पीएस फाइव्ह आहे त्यांनी बाजूची पांढरी प्लेट काढून आत धूळ जमायला जी भोकं दिलीत ती व्हॅक्यूमनं साफ करा, पण त्याच्या पुढे स्वतः उघडू नका आणि कोपऱ्यावरच्या मोबाइलवाल्याला तर अजिबात उघडू देऊ नका, आत चिपची उष्णता ओढणाऱ्या पेस्टच्या जागी लिक्विड मेटल, म्हणजे पातळ धातू आहे, ते सांडलं की बोर्डाचं काम तमाम. आणि टीव्हीच्या शोकेसमध्ये काचेमागे कन्सोल बसवणाऱ्यांनो, दिसतो छान, मान्य आहे, पण बाहेर काढा त्याला.

लाइट जाते तेव्हाचं पण सांगून ठेवतो. घरच्या इन्व्हर्टरवर मागे यूपीएस मोडचं बटण असतं ते सुरू कर, साध्या मोडमध्ये लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर यायला जो क्षण लागतो तेवढ्यात पीसी रिस्टार्ट होतो. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर चांगले पॉवर सप्लाय त्याच्यावर कटकट करतात, प्युअर साइन वेव्हचा असला पाहिजे. गेम चालू असताना पीएस फाइव्ह साधारण २०० वॅट घेतो, मधल्या दर्जाचा गेमिंग पीसी ३०० ते ४००. रोज तीन तास धरले तर महिन्याला कन्सोलचे १८ युनिट, पीसीचे तीसच्या आसपास. घरचे बिलावरून बोलले तर हे आकडे सांग, पण खोलीत एसी लावून खेळत असशील तर गप्प बस, तो एकटाच तासाला युनिट-दीड युनिट खातो.

प्रश्न: मी नववीत आहे. व्हॅलोरंट प्लेस्टेशनवर खेळता येईल का? आणि नागपुरात पिंग कमी कसा करायचा?
सक्करदरा

उत्तर: व्हॅलोरंट कन्सोलवर २०२४ मध्ये आला तो अमेरिका, कॅनडा, युरोप, जपान आणि ब्राझीलसाठी आला, भारत त्या यादीत नव्हता, तेव्हा त्याच्यासाठी प्लेस्टेशन घ्यायचा विचार करू नको. पीसीवर फुकट आहे आणि फार भारी मशीन मागत नाही. विंडोज इलेव्हन असेल तर सेक्युअर बूट आणि टीपीएम ह्या मशीनच्या सुरक्षेच्या सोयी चालू पाहिजेत, नाहीतर त्याचा फसवेगिरी पकडणारा अँटीचीट आत घेत नाही. सर्व्हर मुंबईला आहे, त्यामुळे पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, खराब असला तर दोष बहुतेकदा अंतराचा नसतो, घरच्या वायफायचा असतो. राउटर हॉलमध्ये, तू आतल्या खोलीत, मध्ये दोन भिंती. लॅनची लांब केबल टाक, दोन-तीनशे रुपयाचं काम आहे. आणि नववीत आहेस, आईला विचारून टाक.

प्रश्न: सरकारनं ऑनलाइन गेमिंगवर बंदी आणली असं वाचलं. मग नातवाला हे प्लेस्टेशन घेऊन देणं कायद्यात बसतं का?
एक आजोबा, धरमपेठ

उत्तर: बसतं आजोबा, निश्चिंत घेऊन द्या. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं जो कायदा केला त्यात बंदी आहे ती पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर. जिथे पैसे भरून पैसे जिंकायचं आमिष असतं ते सगळं. ई-स्पोर्ट्सला, म्हणजे गेमच्या स्पर्धांना, त्याच कायद्यात मान्यता दिलीये. नातू फुटबॉल खेळेल, गाड्या पळवेल, त्याच्याशी ह्याचा संबंध नाही. जमलं तर दुसरा कंट्रोलर पण घ्या, महाग आहे, पण तुम्हालाही बसता येईल.

प्रश्न: पीसीवर सगळे गेम क्रॅक करून फुकटात मिळतात, मग कन्सोलवर पाच-पाच हजार कोण घालवणार?
नाव छापू नका

उत्तर: नाव छापत नाही. पण त्या क्रॅकसोबत अँटीव्हायरस बंद करायला सांगतात ना, ते काऊन सांगतात ह्याचा विचार केला का कधी? ज्या मशीनवर हे टाकता त्याच मशीनवर बँकेचं उघडता. फुकटच पाहिजे असेल तर एपिक गेम्स स्टोअर २०१८ पासून सतत फुकट गेम वाटून राहिलंय, अकाउंट काढा आणि गोळा करत बसा, खेळायला आयुष्य पुरत नाही.

प्रश्न: आम्ही दोघी बहिणी, मी नोकरीला, ती कॉलेजला. एकाच टीव्हीवर सोबत खेळायचं आहे. बजेट तीस हजार, टीव्ही जुना फुल एचडी आहे. काय घ्यावं?
नंदनवन

उत्तर: ह्या पैशात नवा गेमिंग पीसी नीट होत नाही, नवा पीएस फाइव्ह पण नाही. तुम्ही सेकंडहँड पीएस फोर पाहा, डिस्कवाला. २०१३ ची मशीन आहे, आजचे कितीतरी नवे गेम त्यावर येत नाहीत हे मान्य करून घ्या, पण सोबत खेळायला मागचा माल भरपूर पडलाय. 'इट टेक्स टू' २०२१ चा, पीएस फोरवर चालतो आणि बनवलाच दोघांसाठी आहे, एकटीला खेळताच येत नाही. फुल एचडी टीव्ही त्याला अगदी बरोबर, फक्त टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड असेल तर लावा, नाहीतर बटण दाबल्यावर थोडं उशिरा उडी मारतो आणि दोष एकमेकींना द्याल.

घेताना फोटो पाहून ॲडव्हान्स पाठवू नका, समोर जाऊन घ्या. टीव्हीला लावून अर्धा तास गेम चालवायला सांगा, पंख्याचा आवाज विमानासारखा झाला तर किंमत पाडा किंवा दुसरा शोधा. डिस्क टाकून आणि काढून पाहा. कंट्रोलरची काठी सोडल्यावर माणूस आपोआप एका बाजूला चालत राहिला तर ती काठी गेलेली आहे. तुमच्या स्वतःच्या अकाउंटनं तिथेच लॉगिन करून पाहा, कारण मशीनच सोनीनं ब्लॉक केलेली असेल तर ते तेव्हाच कळतं. आणि दोन कंट्रोलर सोबत मिळत असतील तर त्या विकणाऱ्याला सोडू नका, वेगळा घ्यायला गेलात तर बजेट तिथेच फाटतं.